पोदेराच्या वेळेचं इंग्रजी

सहावीच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर मी शाळेत परत गेले नाही. घरात म्हैस व्याली होती, आईला दम लागायचा, आणि माझ्यामागं दोन भावंडं होती. शाळा सोड असं कुणी म्हटलं नाही. दप्तर खुंटीवर राहिलं, एवढंच. त्यामुळं माझं इंग्रजी 'आय ॲम, वी आर, यू आर'पाशी थांबलं ते थांबलंच. गुरुजी छडीनं फळ्यावर ठोके द्यायचे आणि आम्ही सगळी पोरं त्या ठोक्यावर ओरडायचो, लेझीम खेळल्यासारखं. अर्थ काय, हे विचारायची रीत नव्हती. गुरुजींनाही सांगायला सवड नव्हती, चार वर्ग एकटे बघायचे. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण पुढं माझ्या पोरीला शिकवायची वेळ आली तेव्हा माझ्याकडं तेवढा ठोकाच होता, दुसरं काही नव्हतं.

लग्नानंतर आम्ही गडहिंग्लजकडनं गोव्यात आलो. आधी डिचोलीला, लोखंडाच्या खाणीवर. तिथं वाळत घातलेली पांढरी साडी दुपारपर्यंत विटकरी व्हायची. यांच्या छातीत कफ भरायला लागला तसं यांनी ते काम सोडलं आणि धारगळच्या पुढं चिऱ्याच्या खाणीवर लागले. लाल धूळ तिथंही होती नि इथंही, पण इथला मुकादम आमच्या गावाकडचा होता. त्यानंच कोरगावात एका बाईंच्या घरी कामाला बाई हवी असल्याचं सांगितलं.

बाई म्हणजे प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. यजमान वारलेले, मुलं बाहेरगावी. मागं काजूचं भाट होतं, म्हणजे उतारावरची बाग, आणि पुढं बाल्कांव. गोव्यातल्या जुन्या घरांना दारापुढं दोन बाजूंनी बसायचे दगडी कट्टे असतात, त्याला तिथं बाल्कांव म्हणतात. काजूची बी साठवायची खोली बाईंनी आम्हाला राहायला दिली. खोलीला जनेल होतं, म्हणजे खिडकी. डिचोलीच्या चाळीत आम्हाला खिडकी नव्हती. पहिल्या दिवशी मी त्या खिडकीपुढं किती वेळ उभी राहिले, आणि मग घाबरून आत सरले, कुणी बघेल आणि म्हणेल की ही काय स्वतःचं घर समजते काय.

तो माझा स्वभावच झाला होता. कुणी काही दिलं की आधी आनंद व्हायचा आणि लगेच मागून भीती. हे परत घेतील तर?

गोव्याला राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. भिंतीभिंतींवर कोकणी की मराठी यावरच्या घोषणा अजून पुसट दिसायच्या. एकाच कंपाउंडच्या भिंतीवर दोन्ही बाजूंच्या. आम्हा घाटावरच्या माणसांचा त्यात काही संबंध नव्हता, पण आमच्या पोरीचा होता. ती घरात आमच्यासारखं बोलायची, खेळताना कोकणी, आणि शाळेत पुस्तकातलं मराठी. चौथीपर्यंत मराठी शाळा. पाचवीत हायस्कुलात गेलं की एकदम सगळं इंग्रजी, गणितसुद्धा. आजूबाजूची किती तरी पोरं पाचवी-सहावीत आपटायची आणि शाळेतून गळायची. भाटात माझ्यासोबत काम करणारी गावातलीच एक म्हातारी होती. ती म्हणायची, "आमच्या भुरग्यांक कोंकणी येता, मराठी येता, तरी पाचवेंत नापास. आनी तुजें घाटी चेडूं इंग्लीश उलयतलें?" घाटावरची पोरगी कुठली इंग्रजी बोलायला, असं म्हणून हसायची. वाईट मनानं नव्हे. तिचा स्वतःचा नातू सहावीत दोनदा बसला होता.

बाई चतुर्थी झाल्यावर लहान पोरांची इंग्रजीची शिकवणी घ्यायच्या. शाळा सुटल्यावर, बाल्कांवावर. दहा-बारा पोरं असायची, दुसरीपासून चौथीपर्यंतची. मी काही न विचारताच त्या म्हणाल्या, "तुझी पण बसू दे." मी मान हलवली आणि विहिरीवर जाऊन रडले. आभार कसे मानायचे ते सुचलं नाही म्हणून त्या दिवशी घासलेली भांडी परत घासली.

विहिरीच्या कट्ट्यावरनं बाल्कांव सरळ दिसायचं. पहिले आठ-दहा दिवस मला वाटलं, बाई अजून शिकवायला सुरुवात करायच्या आहेत. फळा नाही, वह्या नाहीत. पोरांपुढं एक कुलेर ठेवायच्या, म्हणजे चमचा, एक नारळ, एक रिकामं कदेल, म्हणजे खुर्ची. एक पोर उठून खुर्चीवर बसायचं आणि बाकीच्यांनी ते काय करतंय ते इंग्रजीत सांगायचं. बसलेल्यानं स्वतःबद्दल सांगायचं. मग दोघांनी बसायचं. पडायची, भांडायची, हसायची. मला आमच्या गुरुजींची छडी आठवायची. असं खेळून कधी व्याकरण आलंय?

साडेचारच्या सुमारास पोदेर, म्हणजे पाववाला, यायचा, सायकलवर पावाची टोपली बांधून, भोंगा वाजवत. बाई त्याच्याच वेळेवर शिकवणी लावत, हे मला फार उशिरा कळलं. वळणावर भोंगा वाजला की बाई हात वर करायच्या आणि पोरं सगळी मिळून ओरडायची, "द पोदेर इज कमिंग!" तो दारात उभा राहून पाव मोजून देत असेपर्यंत एकेकानं सांगायचं, तो काय करतोय. टोपली उघडतोय, पाव देतोय, हसतोय. पोदेरालाही सवय झाली होती. मुद्दाम घाम पुसायचा, डोकं खाजवायचा, आणि पोरं ते इंग्रजीत पकडायची. मग तो सायकलवर बसायचा. सायकल चिंचेच्या झाडामागं दिसेनाशी होईपर्यंत बाई कुणाला बोलू द्यायच्या नाहीत. दिसेनाशी झाली की हळूच विचारायच्या आणि आता सगळं बदललेलं असायचं. द पोदेर केम. ही गेव्ह पाव. ही वेंट. जे डोळ्यांपुढं होतं ते एका रीतीनं सांगायचं आणि झाडामागं गेलं ते दुसऱ्या रीतीनं. भूतकाळ आणि वर्तमानकाळ हे शब्द मला शाळेत पाठ होते. पण काळ म्हणजे चिंचेच्या झाडाच्या अलीकडचं आणि पलीकडचं, हे मला राखेनं तांब्या घासता घासता कळलं.

उद्या काय, तेही विचारायच्या. ही विल कम. एकदा एक बारकं पोर म्हणालं, "नो. ही वोंट. उद्या फेस्त." उद्या सण, पोदेराला सुट्टी. बाईंनी त्याला उचलून घेतलं.

एक गोष्ट मात्र मला सोसत नसे. पोरं चुकली तरी बाई चूक म्हणायच्या नाहीत. "ही गो मार्केट," एखादं म्हणायचं. बाई म्हणायच्या, "हो? ही गोज टू द मार्केट? आणि काय आणतो?" म्हणजे बरोबर वाक्य त्यांच्या बोलण्यातून जायचं, पण पोराला थांबवायचं नाही, कान पिळायचा नाही. एकदा माझीच पोरगी तसं बोलली आणि माझ्यानं राहवलं नाही. चहा द्यायला गेले होते. म्हटलं, "बाई, ती चुकली."

"चुकू दे गो तिका."

"पण मग सवय लागंल की."

"बोलायची सवय लागू दे आधी. हांव तीस वर्षांची जावन इंग्लीश शिकलें." बाईंच्या लहानपणी पोर्तुगीज होतं, इंग्रजी नव्हतंच. "दोन वर्षं नियम पाठ केले. आणि पणजीला कचेरीत एका साहेबानं नाव विचारलं तर माझ्या तोंडातून माझं नाव आलं नाही. नियम आठवत बसले होते."

मी मान डोलावली. पटलं नव्हतं. ज्यांच्या खोलीत आपण राहतो त्यांना पटलं नाही असं कसं सांगायचं?

दिवाळीत आम्ही गावाकडं गेलो, आणि तिथं माझ्या जावेनं विषय काढला. ती घरात एकटी पडली होती. सासूबाईंचे गुडघे गेलेले, दोन म्हशी, आणि तिचं स्वतःचं पोर अंगावरचं. ती म्हणाली, "पोरीला हितंच ठेवा की. दहावीपर्यंत सगळं मराठीच हाय. तिकडं पाचवीत नापास करून काय मिळवणार हाय?"

आम्ही एसटीनं परत निघालो. आंबोलीच्या घाटात हे म्हणाले, "तिचं काय चुकीचं न्हाई."

"शिकवणी हाय की तिला."

"शिकवणी कसली? मी परवा बघितलं, पोरं खुर्चीवर उड्या मारत्यात." मग जरा वेळानं, "मे महिन्यात बघू. इंग्रजी येत आसंल तर राहील. नसंल तर जूनच्या आधी गावाला."

ते रागानं बोलले नव्हते. दमलेला माणूस जसं सामान खाली ठेवायला जागा बघतो तसं बोलले होते. म्हणून मला भांडताही आलं नाही. मी मांडीवर झोपलेल्या पोरीकडं बघत बसले. नऊ वर्षांची, चौथीतली. गावाला गेली की पहिल्या वर्षी शाळेत जाईल, दुसऱ्या वर्षी म्हैस विण्यापुरती घरी राहील, आणि मग दप्तर खुंटीवर. ते खुंटीवरचं दप्तर मला एसटीच्या टपावरनं येणाऱ्या आवाजासारखं सतत ऐकू येत होतं.

ही गोष्ट मी बाईंना सांगायला पाहिजे होती. सांगितली नाही. कारण सांगितलं असतं तर ती मागणी झाली असती. खोली दिली, काम दिलं, शिकवणी दिली, वर आणि मेपर्यंत पोरगी बोलती करून द्या, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? आम्ही घाटावरची माणसं परक्या मुलखात अशीच राहतो. घराच्या मागच्या दारानं येतो, मागच्या दारानं जातो, आणि उपकार करणाऱ्याकडं दुसऱ्यांदा हात पसरत नाही.

त्याऐवजी मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाऊन एक गाइड घेतलं. इंग्रजी व्याकरणाचं, मराठीतून. प्रत्येक इंग्रजी वाक्याखाली उच्चार देवनागरीत छापलेला होता, म्हणून मला वाचता येत होता. नाम, सर्वनाम, क्रियापद, व्याख्या, प्रकार, उदाहरणं. मला इतका आधार वाटला त्या पुस्तकाचा. हे खरं व्याकरण, ओळीनं लावलेलं.

रोज सकाळी भाकऱ्या थापताना मी तिला चुलीपुढं बसवायची. एका हातानं भाकरी, एका हातानं गाइड. पानांवर अजून पिठाची बोटं असतील. मी व्याख्या वाचायची, तिनं म्हणायची. अडली की पाठीत रट्टा. परत. अडली की परत. काथवटीवर मी नकळत ठोके द्यायला लागले होते, गुरुजींसारखे. तिला बजावून ठेवलं होतं, बाईंना सांगायचं नाही.

"का?" तिनं एकदाच विचारलं.

"त्यांना वाईट वाटंल."

माघाच्या थंडीपर्यंत तिला अर्धं गाइड पाठ झालं. माझा ऊर भरून यायचा. आणि त्याच दिवसांत बाल्कांवावर ती गप्प होत गेली. आधी ती पोदेराच्या भोंग्याला सगळ्यांत मोठ्यानं ओरडायची. आता ओठ हलवायची नुसते. मग तेही थांबलं. कुणी विचारलं की विहिरीकडं बघायची, माझ्याकडं. मी भांडी घासत मान हलवून तिला धीर द्यायची. मला वाटायचं, मी धीर देतेय.

बाईंनी मला एकदोनदा विचारलं, "तिका बरें ना काय?" मी म्हटलं, जंत झाले असतील.

शिमग्यानंतर काजूचा जोर सुरू झाला. सकाळपासून भाटात वाकून पडलेली फळं गोळा करायची, पिरगळून बी वेगळी काढायची. फळाला तिथं बोंडू म्हणतात. दुपारपर्यंत कंबर धरायची, बोटं रसानं चिकट होऊन काळी पडायची, अंगाला तो गोड आंबूस वास. त्या दिवशी शिकवणीसाठी बाईंनी बोंडूच मागवले. मी टोपली नेऊन ठेवली आणि पायरीवर जरा टेकले. एकेका पोरानं टोपलीतला बोंडू घ्यायचा आणि त्याबद्दल काही तरी सांगायचं. लाल आहे, मऊ आहे, मला आवडतो, माझा भाऊ खातो, काहीही. पोरं बोलत होती, रस गळत होता. माझ्या पोरीची पाळी आली. बाईंनी तिच्या हातात एक पिवळा बोंडू दिला आणि विचारलं, "व्हॉट इज धिस?"

पोरगी ताठ उभी राहिली. डोळे माझ्याकडं. आणि एका दमात म्हणाली, "अ नाउन इज द नेम ऑफ अ पर्सन, प्लेस ऑर थिंग."

पोरं हसली. मला मात्र आनंद झाला. खरं सांगते, मला आनंदच झाला. किती स्पष्ट, एकही शब्द न गाळता! मी बाईंकडं बघितलं, त्या आता काय म्हणतात म्हणून.

बाईंचा चेहरा उतरला होता. त्यांनी पोरीच्या हातातला बोंडू घेतला, पदरानं तिचा हात पुसला आणि तिला पाणी पिऊन यायला सांगितलं. शिकवणी संपवली. पोदेर यायच्या आधीच.

मग आमच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. रागावल्या की बाई पुऱ्या कोकणीत जायच्या.

"हें कोणें शिकयलें गो तिका?"

मी गाइड काढून दिलं. त्यांनी पानं चाळली. पिठाचे डाग बघितले.

"केन्नाच्यान?"

"दिवाळीपासनं."

"मारतालें?"

मी काथवट भिंतीकडं सरकवली.

"भाकरी तव्यार घातल्या घातल्या परतता तूं? ना मगे? मागीर हें कितें?" भाजायच्या आधीच परतायची ही घाई कशाला, असं त्या विचारत होत्या.

तेव्हा माझा बांध फुटला. एसटीतलं बोलणं, जाऊ, म्हशी, मे महिना, सगळं सांगितलं. सांगता सांगता मी परत परत म्हणत होते, तुमचं चुकतंय असं न्हवं बाई, तुमचं चुकतंय असं न्हवं.

बाई काजूच्या पोत्यावर बसल्या. म्हणाल्या, "इतलो काळ तूं म्हज्या घरांत रावता. आनी ही गजाल तुवें माका सांगूंक ना?"

"तुम्ही एवढं केलंसा. अजून कसं मागू?"

"उपकार, उपकार!" आता त्या मराठीत आल्या. दमल्या होत्या. "तू उपकारच मानत बसलीस. माझ्याकडून काम करून घ्यायचं राहिलं. मे महिन्यापर्यंत वेळ आहे हे मला माहीत असतं तर मी तिला रोज अर्धा तास जास्त घेतलं असतं. मी म्हटलं, लाजतं भुरगं, बोलेल आपोआप." मग गाइड काखेत मारून उठल्या. "हें माझ्याकडे राहील. आजपासून तू तिला इंग्रजीचा एक शब्द विचारायचा नाहीस. चुकली तरी नाही, बरोबर आली तरी नाही. आणि नवऱ्याला सांग, परीक्षा मे महिन्यात नको. शाळा संपल्यावर पहिल्या आयताराला. इथं. मी घेतली म्हणजे मागनं गावात जाऊन कोणी वेगळं बोलायला नको."

पुढचे दिवस फार जड गेले. विचारायचं नाही म्हणजे सकाळी करायचं काय? मी भाकऱ्या थापायची आणि पोरगी चुलीपुढं येऊन बसायची सवयीनं, मान खाली घालून, रट्ट्याची वाट बघत. मी म्हणायची, "जा, खेळ जा." ती जायची नाही. चौथ्या दिवशी गेली. मला जिभेवर दगड ठेवल्यासारखं वाटायचं. बाई तिला शिकवणीनंतर ठेवून घ्यायच्या आणि तिला काही न विचारता तिच्यासोबत काम करायच्या. काजू सोलायच्या, शेंगा निवडायच्या, आणि आपणच इंग्रजीत काहीबाही पुटपुटायच्या. पोरगी ऐकायची. पंधरा एक दिवसांनी मी तिला कोंबड्यांना हाकलताना ऐकलं. इंग्रजीत रागवत होती, आणि ते चूक असणार, कारण कोंबड्यासुद्धा हलल्या नाहीत. मी तोंडात पदर धरून आत गेले.

आयतार, म्हणजे रविवार, आला. यांनी पांढरा शर्ट घातला होता, लग्नातला. यांना वाटलं होतं कागद-पेन्सिल असेल. बाल्कांवावर येऊन अवघडून उभे राहिले, बसायला सांगितलं तरी बसेनात. शिकवणीतली पाच-सहा पोरं बाईंनी मुद्दाम बोलावली होती, ती कट्ट्यावर आत सरकून बसली. पोरगी खांबाला धरून. आणि मी दारात.

बाई यांना म्हणाल्या, "विहिरीची पायरी हालते बघ. एक चिरा बदलायला हवा. करशील?"

हे दचकले. "आत्ता?"

"मग कधी? शर्ट काढून ठेव."

आणि मग माझ्याकडं वळल्या. "तू इथं नको. जा, वरच्या भाटात बी गोळा कर."

"आज आयतार हाय बाई."

"बोंडवांक आयतार कळना. वच."

मला वाटलं शिक्षा आहे. बाई जवळ आल्या, हळू म्हणाल्या, "ती तोंड उघडायच्या आधी तुझं तोंड बघते. तू दिसलीस की तिला नियम आठवतात."

मी गेले. वरच्या भाटातनं घर दिसत नाही, विहीर दिसत नाही. यांच्या पिकासाचे घाव तेवढे ऐकू येत होते, चिरा तासल्याचे. मी वाकून बी वेचत होते आणि घाव मोजत होते. पोरीचा आवाज येत नव्हता. बाईंचाही नाही. एकदा पोरांचं हसणं ऐकू आलं. परत ती व्याख्या म्हणाली की काय? मग परत घाव. घाव. बराच वेळ. हातात टोपली, आणि टोपलीत काय टाकतेय याचा पत्ता नाही, पानंसुद्धा टाकली होती.

आणि मग घाव थांबले.

पायरी इतक्यात होणार नव्हती. मग का थांबले? रागावले? पोरगी बोललीच नाही म्हणून काम टाकून उठले? मी थोडं खाली आले, परत वर गेले. बाईंनी बोलावलं नव्हतं. मी एका काजूच्या बुंध्याला टेकून उभी राहिले. टोपलीतली पानं वेचून टाकली. असं वाटलं, गेली तर गेली, आता हे संपू दे एकदाचं. आईनं असं म्हणू नये. पण मी म्हटलं.

थोड्या वेळानं घाव परत सुरू झाले.

खाली आले तेव्हा पायरी बसली होती आणि पोरं पांगली होती. बाई आत चहा ठेवत होत्या. हे विहिरीवर हातपाय धूत होते. पोरगी कुठं दिसली नाही. मी जवळ गेले, विचारवेना. हेच बोलले, पाणी अंगावर घेत.

"मी कट्ट्याच्या खाली वाकलेला, त्या पोरांना वरनं दिसत न्हवतं म्हणं. मग बाई हिला विहिरीपाशी उभी करून म्हणाल्या, तुझा बाबा काय करतोय सांग त्यांना. लई वेळ गप्प हुती. मी चिरा तासतच राहिलो. मग बोलायला लागली."

"बरोबर बोलली?"

"मला काय कळतंय बरोबर का चूक? पोरं मधनं हसली, तवा काय तरी चुकलं आसंल. पण थांबली न्हाई." त्यांनी तोंडावर पाणी मारलं. "दुसऱ्या कुणाकडं न बघता बोलत हुती. माझ्याकडंच बघत हुती."

"मग मधी काम का थांबवलंसा?"

"तिनंच थांबवलं. स्टॉप म्हणाली. बाबा, स्टॉप, ड्रिंक वॉटर." ते शब्द त्यांच्या तोंडात वेगळेच वाटले, घासून गुळगुळीत न झालेले. "स्टॉप तर मला कळतंय. खाणीवर इंजिनेर येतो त्यो बी स्टॉप म्हणतो. पण पाणी पी असं कधी म्हणत न्हाई."

ते हसले नाहीत. शर्ट झटकून खांद्यावर टाकला.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"काय करायचं म्हणजे? राहू दे. ह्या वर्षी राहू दे."

मी बाईंना सांगायला आत गेले. काय म्हणायचं ते या वेळेलाही सुचलं नाही. बाईंनी माझ्या हातात चहाचा पेला दिला आणि म्हणाल्या, "जूनपासून मी तिला इथं रोज एक तास जास्त बसवणार. आणि तू काही लागलं तर मागायचंस. परत सांगते, ऐकू येतंय काय? मागायचंस."

मी म्हटलं, "व्हय." मग जीव मुठीत धरून म्हटलं, "गणित बी इंग्रजीतनं हाय, बाई. त्याचं बी बघाल का?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि हसल्या. "पळय, बघ. येता तुका मागूंक."

त्या दुपारी जावेला पत्र लिहायला बसले. यांना लिहायचा कंटाळा, आणि मला अक्षर वळणदार असल्याचा जरा अभिमान. पाठ दुखत होती, बोटं काळीच होती, आंतर्देशीय पत्राला डाग पडले. सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी केली, म्हशींची केली. मग लिहिलं, पोरगी या वर्षी येत नाही. लिहून झाल्यावर 'या वर्षी' खोडावंसं वाटलं. पण यांनी तेवढंच म्हटलं होतं, आणि मलाही त्यापेक्षा जास्तीचं लिहायचा धीर झाला नाही. तसंच चिकटवून टाकलं.

पाचवीच्या पहिल्या चाचणीत ती नापास झाली. सहामाहीत काठावर आली. पुढच्या मे महिन्यात जावेचं परत पत्र आलं, आणि मी परत तेच वाक्य लिहिलं, तसंच, 'या वर्षी' घालून. असं पत्र मी दर मेमध्ये लिहीत गेले. सातव्या वर्षी लिहावं लागलं नाही, पोरीनं दहावी काढली होती.